चाकराच्या हातीं धन्याची मोहोर

जुन्या करारांत गेहजी नांवाच्या एका चाकराची गोष्ट आहे. आमच्या शाळेंतील बहुतेक मुलांनीं ती नीतिपाठाच्या तासाला ऐकलेली असेल. अराम देशचा सेनापति नामान अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्याप्रमाणें वागून बरा झाला, व कृतज्ञतेनें त्यानें मोठा नजराणा पुढें केला. परंतु अलीशानें त्यांतील कांहींएक घेतलें नाहीं. नामान परत निघाला तेव्हां अलीशाचा चाकर गेहजी त्याच्या मागून धांवत गेला, आणि धन्याच्या नांवानें खोटा निरोप सांगून त्यानें रुपें व वस्त्रें पदरांत पाडून घेतलीं. लोभ वाईट, हा बोध आपण ह्या गोष्टींतून काढतों, आणि तो योग्यच आहे. पण अलीकडे मला तिच्यांत आणखी एक मर्म दिसूं लागलें आहे. गेहजीनें कुलूप फोडलें नाहीं कीं भिंतीला भोंक पाडलें नाहीं. धन्याच्या घरांत राहण्याचा त्याला हक्कच होता. अधिकार चाकराचा असतां त्यानें तो धन्याचा म्हणून वापरला, एवढेंच. आणि नामानानें निरोप्याचा चेहरा ओळखला, पण निरोप खरा आहे कीं नाहीं हें पाहिलें नाहीं.

संगणकाच्या जगांत ज्या एका दोषाची आज मोठी धास्ती घेतली जाते, तो नेमका हाच होय. जाणते लोक त्यास ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’ म्हणतात. आपण त्यास ‘अधिकारलंघन’ म्हणूं. थोड्या अधिकारानें आंत आलेला प्रोग्रॅम कोठल्या तरी फटींतून वर चढून सर्वाधिकारी होऊन बसतो, तें अधिकारलंघन. शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें एखादा पालक म्हणेल. माझें म्हणणें असें, कीं पालघर व बोईसर-तारापूर ह्या भागांत राहणाऱ्या मुलांस हा विषय समजणें अगत्याचें आहे, आणि त्याचा जितका संबंध यंत्राशीं आहे तितकाच आपल्या वागणुकीशींहि आहे.

कंटेनर हा शब्द आपल्या जिल्ह्यास आतां अपरिचित राहिलेला नाहीं. डहाणूजवळ वाढवण येथें होऊं घातलेल्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें झाली. शहात्तर हजार कोटींहून अधिक खर्चाच्या त्या योजनेंत कंटेनरांसाठीं नऊ टर्मिनलें योजिलीं आहेत. त्या बंदराच्या बऱ्यावाईटाविषयीं, किंवा आपल्या मच्छीमार बांधवांचा त्यास जो विरोध आहे त्याविषयीं, येथें लिहावयाचें नाहीं. येथें पाहावयाची ती पेटीची कल्पना. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन नांवाच्या वाहतूकदारानें ५८ पेट्या ‘आयडियल एक्स’ ह्या जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे रवाना केल्या. त्यापूर्वीं प्रत्येक गोणी, प्रत्येक पिंप हमालांच्या खांद्यावरून चढे व उतरे. माल एका ठराविक मापाच्या पेटींत बंद केला, कीं ती पेटी ट्रकवरून रेल्वेवर व रेल्वेवरून जहाजावर जशीच्या तशी जाते. आंत काय आहे याची यारीला पर्वा नसते.

सॉफ्टवेअरच्या कारागिरांनीं हीच युक्ति उचलली. एका संगणकावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेला कीं अडे, ही त्यांची जुनी रड होती. मग त्यांनीं प्रोग्रॅम व त्यास लागणारी सर्व शिदोरी एका पेटींत बांधली, आणि ती पेटी कोठेंहि नेऊन चालवितां येऊं लागली. ‘डॉकर’ नांवाचें साधन २०१३ सालीं पुढें आलें तेव्हांपासून ह्या पेट्यांचा प्रसार झपाट्यानें झाला, आणि आज मोठमोठ्या कंपन्यांचीं कामें त्यांच्या आधारानें चालतात.

परंतु ह्या पेटीविषयीं एक गैरसमज सहज होतो. लोखंडी कंटेनर चोहोंबाजूंनीं खरोखरच बंद असतो. सॉफ्टवेअरचा कंटेनर तसा नसतो. त्यास पेटीपेक्षां चाळींतील बिऱ्हाडाची उपमा अधिक शोभेल. बोईसरला कामगारांच्या चाळी आपण पाहतोंच. प्रत्येक बिऱ्हाडाचें दार वेगळें, कुलूप वेगळें, विजेचा मीटर वेगळा. पण जिना एक, पाण्याची टाकी एक आणि पाया एक. त्याचप्रमाणें एका संगणकावरील सर्व कंटेनर मिळून एकच ‘कर्नल’ वापरतात. लष्करांतील कर्नलाशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं. ह्या शब्दाचा अर्थ गर किंवा गाभा असा आहे. लिनक्सचा हा गाभा प्रत्येक बिऱ्हाडाला अशा भिंती घालून देतो, कीं त्यास आपल्यापलीकडे कोणी राहतो हें दिसतच नाहीं, व कोणी किती पाणी-वीज वापरावी याचें मापहि तोच ठरवितो. ह्याहून निराळी व्यवस्था म्हणजे स्वतंत्र बंगल्याची. तींत प्रत्येकाचा गाभा निराळा. ती अधिक सुरक्षित खरी, पण जागा व खर्च अधिक खाते. चाळ स्वस्त पडते, म्हणूनच चाळी वाढल्या.

आतां ह्या चाळीच्या मालकाकडे पाहूं. लिनक्सच्या जगांत त्यास ‘रूट’ म्हणतात, व त्याचा ओळख-क्रमांक शून्य असतो. शून्य क्रमांकाला कोणतें दार बंद नाहीं. गंमत अशी, कीं मुद्दाम वेगळी तजवीज केली नाहीं तर डॉकरच्या पेटीच्या आंतील प्रोग्रॅमहि पुष्कळदां शून्य क्रमांकानेंच चालतो. म्हणजे भाडेकरी आपल्या खोलींत बसून स्वतःस मालक म्हणवितो. मधली भिंत शाबूत आहे तोंवर ह्या मालकपणाचें हंसूं येईल. पण भिंतीला तडा गेला, कीं तोच माणूस बाहेर खराखुरा मालक म्हणून उभा राहतो.

आणि तडे जातात. ह्या चाळीचा ‘रनसी’ नांवाचा एक रखवालदार आहे. बिऱ्हाडें उघडून देणें, गरज पडल्यास आंत शिरणें, हीं त्याचीं कामें. ११ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्याच्यांतील एक दोष जाहीर झाला. रखवालदार कामानिमित्त आंत आला, कीं लबाड भाडेकऱ्यास त्याची मोहोरच बदलून ठेवतां येत असे. मग पुढच्या खेपेला रखवालदार कामाला लागला म्हणजे मालकाच्या नांवानें हुकूम भाडेकऱ्याचा सुटे. गेहजीची ही हुबेहूब नक्कल नव्हे काय? पुढें ३१ जानेवारी २०२४ रोजीं त्याच रखवालदाराची आणखी एक चूक उघडकीस आली. बिऱ्हाड उघडून देतांना मालकाच्या दिवाणखान्याकडे जाणारें एक दार लावावयाचें त्याच्याकडून राहून जात असे. रनसीच्या १.१.१२ ह्या आवृत्तींत तें दार बंद करण्यांत आलें. तरीहि २०२५ च्या नोव्हेंबरांत आणखी तीन दोष प्रसिद्ध झाले. खुद्द गाभ्यांतहि असें घडतें. ‘डर्टी काऊ’ ह्या नांवानें ओळखला जाणारा दोष २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यांत दडून होता, तो २०१६ च्या ऑक्टोबरांत दुरुस्त झाला. ‘सुडो’ ह्या प्रोग्रॅमचें कामच मुळीं योग्य माणसास तेवढ्यापुरता वरचा अधिकार देण्याचें. त्याच्यांतहि २०११ पासून एक फट राहिली होती. ती २०२१ च्या जानेवारींत क्वालिस कंपनीच्या संशोधकांनीं जाहीर केली. ह्या कंपनीचें एक मोठें कार्यालय आपल्या पुण्यांत आहे.

ह्यावरून कंटेनर टाकाऊ ठरतात असें मीं म्हणत नाहीं. ह्या प्रोग्रॅमांचा मजकूर सर्वांना वाचण्यास खुला असतो. हजारों डोळ्यांखालून जातो. आणि तरीहि नऊ-नऊ, दहा-दहा वर्षें चूक दिसत नाहीं. ह्यावरून आपण नम्रता शिकावी. मनुष्याच्या हातची भिंत निर्दोष असेल असें धरून जो चालतो, तो फसतो. शहाण्यानें असें धरून चालावें, कीं एक भिंत कधीं तरी पडणारच. ती पडली तर पुढें काय होईल?

हा विचार आमच्या तारापूरला नवा नाहीं. येथील अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. अशा केंद्रांत घातक द्रव्य अडवून धरण्यासाठीं एकाच भिंतीवर भिस्त ठेवीत नाहींत. इंधनाच्या गोळ्या स्वतःच कांहीं द्रव्य धरून ठेवतात. त्यांवर धातूच्या नळीचें आवरण. त्याच्या बाहेर दाबाखालीं फिरणाऱ्या पाण्याच्या बंद नळ्या व पात्रें. आणि सर्वांभोंवतीं भक्कम इमारत. एक अडसर निकामी झाला तरी दुसरा उभा असावा, हें त्या विद्येचें पहिलें सूत्र होय. ज्या गांवच्या मुलांचे वडील व काका अशा सूत्राच्या छायेंत नोकरी करतात, त्या मुलांस संगणकाची सुरक्षितता समजावून देणें वस्तुतः सोपें असावें.

“पण हीं बंगळूर-पुण्याकडचीं प्रकरणें, आमच्या कारखान्यांशीं त्यांचा काय संबंध?” असा प्रश्न मला एका सभेंत एका गृहस्थांनीं केला. त्यांस मीं न्हावा-शेव्याचें उदाहरण दिलें. २७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’ नांवाचा उपद्रवी प्रोग्रॅम युक्रेन देशांतील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघाला, आणि मर्स्क ह्या जहाज-कंपनीच्या जाळ्यांतून थेट आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरांत येऊन पोंचला. तेथील मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलाचें काम ठप्प झालें. लोखंडी कंटेनर जागच्या जागीं धड होते. पण कोणता कोठें न्यावयाचा हें सांगणारा संगणक मुका झाला होता. मर्स्कनें पुढें सांगितलें, कीं त्यांस ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक सुमारें दहा दिवसांत नव्यानें उभे करावे लागले. हा दोष सॉफ्टवेअरच्या कंटेनरांचा नव्हता, हें खरें. पण रोग एकाच जातीचा. तो प्रोग्रॅम ज्या यंत्रांत शिरे त्याच्या स्मृतींतून वरिष्ठांचे पासवर्ड उचली, व त्यांच्याच अधिकारानें, त्यांच्याच रोजच्या साधनांनीं, पुढच्या यंत्रांत जाई. पहारेकऱ्यांनीं त्यास अडविलें नाहीं, कारण त्याच्या हातीं धन्याची मोहोर होती.

ह्याच्या उलट उदाहरण २०१९ चें. तामिळनाडूंतील कुडनकुलम अणुवीजकेंद्राच्या एका संगणकांत घातक प्रोग्रॅम सांपडल्याचें ३० ऑक्टोबर रोजीं अणुऊर्जा महामंडळानें मान्य केलें. तारापूरचें केंद्रहि हेंच महामंडळ चालवितें. तो संगणक कार्यालयीन कामाचा व इंटरनेटशीं जोडलेला होता. केंद्र चालविणारी यंत्रणा त्या जाळ्यापासून वेगळी ठेवलेली असल्यानें तिला बाधा पोंचली नाहीं, असें महामंडळानें कळविलें. चोर ओसरीपर्यंत आला, पण ओसरींतून माजघरांत जाणारें दारच तेथें नव्हतें. तारापूर औद्योगिक वसाहतींत रसायनांचे, औषधांचे, पोलादाचे व कापडाचे कारखाने आहेत. जेथें हजेरीचा संगणक व भट्टीचा संगणक एकाच किल्लीनें उघडतो, तेथें ओसरी व माजघर एकच समजावें.

येथवर यंत्रांचें झालें. आतां माझें खरें म्हणणें सांगतों, आणि त्यासाठीं माझाच एक अपराध कबूल करतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत संगणकाची खोली माझ्या स्वाधीन होती. प्रत्येक वर्गास निराळें खातें, निराळा पासवर्ड, ही कटकट नको म्हणून मीं सर्व यंत्रें एकाच सर्वाधिकारी खात्यावर चालवीत असें, आणि त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मेजाच्या खालच्या बाजूस चिकटविला होता. नववीचा एक मुलगा एके दिवशीं मजकडे आला व हळूच म्हणाला, “सर, आमच्या यंत्रावरून परीक्षेच्या गुणांची यादी उघडते. मीं पाहिली. बदललें कांहीं नाहीं.” मीं त्याचे आभार मानावयास हवे होते. मीं त्यास मुख्याध्यापकांकडे नेलें. महिनाभर त्यास संगणकाच्या खोलींत येण्याची बंदी झाली; त्याच्या वडिलांस बोलावणें गेलें, आणि कारखान्यांतील पाळी बुडवून त्या बिचाऱ्यांनीं आमच्यासमोर मान खालीं घातली. चिठ्ठी मात्र पुढें दोन महिने मेजाखालीं तशीच होती. त्या मुलानें नंतर मला कधींहि कांहीं सांगितलें नाहीं. इतर मुलांनींहि नाहीं.

त्या मुलाची चूक नव्हती असें मीं म्हणणार नाहीं. परवानगीवांचून दुसऱ्याची यादी उघडून पाहिली, ती चूकच. परंतु ती चूक आपण होऊन सांगणारा मुलगा व ती मुळांत शक्य करून ठेवणारा शिक्षक, यांपैकीं शिक्षा एकट्या मुलास झाली. मला आज असें स्पष्ट वाटतें, कीं अधिकारलंघनाचे अपराध जगांत घडतात त्यांस दोन पापें कारण होतात. पहिलें पाप सोयीचें: लागतो त्याहून अधिक अधिकार देऊन ठेवणें. दुसरें पाप अहंकाराचें: फट दाखविणाऱ्यासच चोर ठरविणें. पहिल्यानें दार उघडें राहतें. दुसऱ्यानें तें उघडें असल्याची वर्दी मिळणें बंद होतें.

पहिल्या पापाचे नमुने मोठ्यांच्या घरींहि सांपडतात. २०१८ सालीं टेस्ला ह्या मोटार-कंपनीच्या कंटेनरांवर देखरेख ठेवणारें पान पासवर्डावांचून उघडें असल्याचें आढळलें; परक्यांनीं तेथें शिरून कंपनीच्या यंत्रांवर आभासी चलन कमावण्याचा उद्योग चालविला होता. तेथें भिंत फोडावी लागलीच नाहीं. आमचे कारागीरहि काम अडूं नये म्हणून कंटेनरास सर्वाधिकार देऊन टाकतात व नंतर काढून घेतों म्हणतात. तें ‘नंतर’ सहसा येत नाहीं. वास्तविक, रूटचा अधिकार न वापरतां डॉकर चालविण्याची सोय २०२० च्या अखेरीपासून पक्क्या स्वरूपांत उपलब्ध आहे. उपाय असतो, आळस आड येतो.

दुसऱ्या पापाविषयीं कोणी म्हणेल, “अशानें मुलें सोकावतील. आज फट दाखवितील, उद्यां तिच्यांतून शिरतील.” ही भीति अगदींच पोकळ नाहीं. म्हणून मुलांस मर्यादाहि तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ह्याच्या ४३ व ६६ ह्या कलमांप्रमाणें दुसऱ्याच्या संगणकांत परवानगीवांचून लबाडीनें शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊं शकतात. कुतूहल असेल तर तें स्वतःच्या यंत्रावर भागवावें. दुसऱ्याच्या घरीं दार उघडें दिसलें तर उंबऱ्यावरूनच हांक मारावी, आंत पाऊल टाकूं नये. अशी हांक ऐकण्यासाठीं सरकारनेंहि ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून ठेविली आहे, व संगणकांवरील ठराविक प्रकारच्या हल्ल्यांची वर्दी सहा तासांच्या आंत तिला द्यावी असा संस्थांस २०२२ पासून दंडक आहे. राज्यकर्त्यांस वर्दीचें मोल कळलें. मग शाळेस व घरास तें कां कळूं नये?

तेव्हां माझ्या सूचना अशा. विद्यार्थ्यांनीं आपला पासवर्ड जिवलग मित्रासहि देऊं नये, व मित्राचा मागूं नये. मैत्रीची ती कसोटी नव्हे. यंत्र दुरुस्तीची आठवण करतें तेव्हां ती पुढें ढकलूं नये. वर सांगितलेले सर्व दोष जाहीर होतांच त्यांवरील दुरुस्त्याहि उपलब्ध झाल्या होत्या, आणि पुढें जे फसतील ते बहुधा दुरुस्ती न करणारेच असतील. पालकांनीं घरच्या संगणकावर मुलासाठीं साधें खातें वेगळें ठेवावें; सर्वाधिकारी खात्यावर स्वतःसुद्धां रोज बसूं नये. शाळांनीं दर सत्रास एकदां तरी पाहावें, कीं कोणाच्या हातीं कोणती किल्ली आहे आणि ती त्यास खरोखर लागते कीं नाहीं. आणि आम्ही शिक्षकांनीं, कोणी मूल फट दाखविण्यास आलें तर, आधीं फट बुजवावी व मग, जरूर असल्यास, मुलास समज द्यावी. माझ्या हातून हा क्रम उलटा झाला.

यरुशलेमाचा पडका तट नहेम्यानें पुन्हां उभारला तेव्हां अनेकांनीं आपआपल्या घरासमोरचा तुकडा बांधून काढला, असें शास्त्रांत आहे. सबंध तटाचा भार कोणा एकावर नव्हता. पण आपल्या दारासमोरचें भगदाड माझें नव्हे असें म्हणण्याची मुभा त्यांस नव्हती. बोईसर, तारापूर व पालघर येथून निघून आमचीं कांहीं मुलें उद्यां मोठमोठ्या यंत्रणांच्या किल्ल्या हातांत घेतील. कोणी वीजकेंद्रांत, कोणी बंदरांत, कोणी पेढींत. त्यांस किती अधिकार मिळाला यावरून जग त्यांची किंमत करील. आम्हीं मात्र त्यांस असें शिकवावें, कीं काम संपतांच जो अधिकार खालीं ठेवतो, व नको असलेली किल्ली आपण होऊन परत करतो, तोच खरा विश्वासू कारभारी. तो नववींतला मुलगा आतां मोठा झाला असेल. हें वार्षिक त्याच्या हातीं पडलें, तर त्याच्या शिक्षकाचें त्याच्याकडे देणें राहिलेले आभार त्यानें येथें स्वीकारावे.